शुद्ध कोण ठरवतं?

माझी आत्या शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर कधी चढलेली नाही आणि चढणारही नाही. नेवाशाजवळच्या खेड्यात तिचं घर. एकादशीला ज्ञानेश्वरांच्या पैस खांबाचं दर्शन आणि आषाढीला पंढरी, यात तिने कधी खंड पडू दिला नाही. शनीच्या शिळेच्या त्या चौथऱ्यावर बायकांना बंदी होती. १ एप्रिल २०१६ रोजी विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याची अंमलबजावणी करायला सरकारला बजावलं. आठवडाभरातच, गुढीपाडव्याला, चौथरा बायकांना खुला झाला. मला तो आजही आपला विजय वाटतो. आत्याला वाटत नाही, आणि तिच्या या 'नाही'ला मी जुनाट समजूत म्हणून बाजूला सारू शकत नाही. ती फुलवाती वळत होती, चिमटीला दुधाचं बोट लावून टोकाला पीळ देत, तेव्हा आमचं जे बोलणं झालं ते असं.

"मला कुणी विचारलं होतं का?" आत्या म्हणाली. "माझ्या नावाने कोर्टात गेलात, माझ्या नावाने मोर्चे काढलेत. मी खालून हात जोडते. माझं काही अडत नाही."

"तू खाली उभी राहतेस ती तुझ्या मर्जीने. पण वर जायची सोयच नसेल, तर त्याला मर्जी कसं म्हणायचं?"

"म्हणजे हा जागेचा प्रश्न झाला. रस्त्याचा असतो, पाणवठ्याचा असतो, तसा. खुशाल भांडा. पण त्याला अध्यात्म म्हणू नका. २००० साली नरेंद्र दाभोलकर, श्रीराम लागू इथे सत्याग्रहाला निघाले होते. त्यांचा देवावर विश्वास होता का? ज्याला देवच नको, त्याने माझ्या देवाच्या दारात कशाला भांडावं?"

हा प्रश्न मला खरोखरच अवघड जातो. मी म्हणाले, "सानेगुरुजी तर भक्तच होते ना? पंढरपूरचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून ते उपोषणाला बसले. तेव्हाही 'देवात राजकारण आणलं' असंच लोक म्हणाले. भांडणारा आस्तिक की नास्तिक, यावरून अन्याय लहानमोठा होत नाही."

"आणि तुमच्या भूमाता ब्रिगेडच्या बायका? टीव्हीच्या गाड्या मागे घेऊन कुणी देवाला जातं?"

"सव्वीस जानेवारीला चौथऱ्याकडे निघाल्या तर त्यांना सुप्यातच अडवलं, आत्या. कॅमेरा नसता तर कुणाला कळलंही नसतं."

"त्याच महिन्यात देवस्थानाला पहिल्यांदा बाई अध्यक्ष मिळाली होती. अनिता शेटे. तीही म्हणाली, परंपरा पाळू. ती बाई नव्हती? का तुमच्या बाजूने बोलेल तेवढीच बाई?"

"बाई खुर्चीत बसली म्हणून बाईचा न्याय होतोच असं नाही."

"मग बाई चौथऱ्यावर चढली म्हणून तरी होतो का?"

यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. पायरी मिळाली, पण विश्वस्त कोण होणार, पैसा कुठे जाणार, हे कोण ठरवतं? तिचं म्हणणं मी मान्य केलं. पण माझ्या मनात पहिल्यापासून सलत होतं ते वेगळंच. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी चौथऱ्यावर चढली, नमस्कार करून उतरली आणि नंतर गावाने शिळेला दुधाचा अभिषेक घालून शुद्धी केली.

"आत्या, ती शिळा उघड्यावर आहे. वर छप्पर नाही. पाखरं बसतात, धूळ बसते. त्यासाठी कधी शुद्धी केल्याचं ऐकलंयस? एका मुलीच्या पावलाने मात्र देव बाटला. बंदीचं राहू दे. या दुधाचं काय?"

तिचा हात थांबला नाही, पण बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं."

"सोयराबाईने हेच विचारलं होतं ना? देह जन्मतोच विटाळातून, मग सोवळा कोण?"

"सोयराबाई मला सांगू नकोस, तिचे अभंग मी रोज म्हणते. तू मुक्ताईचं बघ. संन्याशाची पोरं म्हणून चौघा भावंडांना वाळीत टाकलं. शुद्धिपत्र आणा म्हणून पैठणला पाठवलं. ते घेऊन ती भावंडं नेवाशाला आली आणि ज्ञानेश्वरी इथे झाली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या पोरीने पुढे चांगदेवासारख्या योग्याला शिष्य केलं. तेव्हा कुणाचं पत्र मागितलं?"

"मग कोण शुद्ध, हे ज्यांच्या हातात होतं त्यांची ती सत्ताच नव्हती का? ज्ञानेश्वरी झाली त्याआधीच शुद्धीचं राजकारण झालं होतं. तू म्हणतेस भक्ती वेगळी, राजकारण वेगळं. आता आपल्या जिल्ह्याचं नावच चौंडीच्या लेकीचं आहे. अहिल्यादेवींनी राज्य चालवलं आणि काशी विश्वनाथाचं देऊळही उभारलं. त्यांचं कोणतं काम भक्तीचं आणि कोणतं राज्याचं, हे वेगळं काढता येईल?"

"त्यांच्या हातात राज्य होतं. माझ्या हातात काय आहे?"

"तू त्या दुधाला नको म्हणू शकली असतीस."

"कुणाला? घरात मी म्हणाले होते. तुझे आतोबा म्हणाले, गावाच्या भानगडीत पडू नको." तिने वाती डब्यात भरल्या. "चौथऱ्यावर मी नाही चढणार. ती माझी आणि देवाची गोष्ट, तिथे ना गावाने बोलायचं ना तू. पण त्या अभिषेकाला बायकाही हात जोडून उभ्या असतील, हे माझ्या मनातून जात नाही. त्या मुलीच्या जागी माझी नात असती तर?"

"मग हे ग्रामसभेत बोलशील?"

"आमच्या महिला ग्रामसभेचं रजिस्टर घरी येतं, सही करायला. सभा होते कुठे?"

"सही करतेस?"

"आजवर करत आले," आत्या म्हणाली. "पुढच्या खेपेला विचारीन, सभा कधी झाली ते."