न झालेली सही

लोकमान्य टिळकांविषयी कोल्हापुरात बोलणे सोपे नाही. वेदोक्त प्रकरणात त्यांनी शाहू छत्रपतींची बाजू घेतली नाही, हे ही नगरी विसरलेली नाही. दुसरीकडे, १९०८ साली राजद्रोहाची सहा वर्षांची शिक्षा पत्करून मंडालेला गेलेल्या देशभक्ताचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. मग न्याय कसा करावा?

मला वाटते, थोर पुरुषाला त्याच्याच शब्दांच्या तराजूत तोलावे. मार्च १९१८ मध्ये मुंबईच्या अस्पृश्यता निवारण परिषदेत टिळक म्हणाले की, देव अस्पृश्यता मानू लागला तर आपण त्याला देवच मानणार नाही. परंतु स्वतःच्या आचरणाचे वचन देणाऱ्या प्रतिज्ञापत्रकावर त्यांनी सही केली नाही. शाहू महाराजांचे याउलट. ब्रिटिश सत्तेशी त्यांनी जुळवून घेतले. पण २६ जुलै १९०२ रोजी रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखण्याचा हुकूम काढला.

एकाने परक्यांच्या जोखडाशी झुंज दिली, दुसऱ्याने घरातल्या. टिळकांचा त्याग खरा आणि उणीवही खरी. एकीने दुसरा पुसला जात नाही.

मात्र दोष देण्यापूर्वी आपला हात क्षणभर थबकावा. वेदीपुढे आपण सारे एका पित्याची लेकरे म्हणवतो आणि सोयरीक जुळवताना ‘मूळचे कोण?’ असे हळूच विचारतो. ते प्रतिज्ञापत्रक आपल्याहीपुढे पडून आहे. सही अजून व्हायची आहे.