मागचे दार

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन गावे आहेत. एकाला बाजाराने ओळख दिली, दुसऱ्याला नागपूर-भुसावळ लोहमार्गाने. या दुसऱ्या, म्हणजे चांदूर रेल्वे येथील एका कुटुंबाने गेल्या वर्षी आमच्यापुढे एक प्रश्न ठेवला. प्रश्न मोटारीचा होता. धर्मगुरूने मोटारीविषयी काय सांगावे, असे वाचकांस वाटेल. आम्हांसही प्रथम तसेच वाटले. परंतु त्या प्रश्नाच्या मुळाशी दोन सख्ख्या भावांचा अबोला होता आणि तो मात्र आमच्या कक्षेतला होता.

गाडी १९७१ सालची फियाट. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होणाऱ्या या मोटारीला पुढे १९७४ पासून 'पद्मिनी' हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच जोडलेला गिअर आणि गोलसर अंगलट. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे हे रूप घराघरांत ओळखीचे झाले. त्या टॅक्सींपैकी अखेरची नोंद २००३ मध्ये झाली होती. तिची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि मुंबईतला तो अध्याय मिटला. चांदूरची ही गाडी मात्र, घरचे कर्ते पुरुष निवर्तल्यापासून, छपरीत ताडपत्रीखाली उभी होती.

पुण्याला नोकरी करणाऱ्या धाकट्या मुलाने ती पुन्हा जशी होती तशी करून घ्यावयाचे मनात आणले. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात जपलेले, आणि चॅसिस, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले वाहन 'व्हिंटेज' ठरते व त्याच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. अडचण एवढीच की थोरल्याने नव्वदच्या दशकात, पेट्रोल परवडेना म्हणून, गाडीत डिझेल इंजिन बसवून घेतले होते. धाकटा म्हणाला, "दादाने गाडी मारली. इंजिन हाच गाडीचा प्राण." थोरला म्हणाला, "मी इंजिन बदललं नसतं तर गाडी तेव्हाच भंगारात गेली असती. बाबांच्या शेवटच्या आजारात पोहरा-मालखेडच्या जंगलातून मी त्यांना अमरावतीच्या दवाखान्यात नेत होतो, ते याच इंजिनावर." दोघेही खरेच बोलत होते. म्हणून तर भांडण मिटत नव्हते.

हा वाद नवा नाही. थीसियसची नौका अथेन्सकरांनी जपून ठेवली. फळी कुजली की ते नवी बसवीत. अखेरीस ती नौका तीच राहिली की निराळी झाली, यावर तत्त्वज्ञांत दोन पक्ष पडल्याचे प्लुटार्कने नोंदविले आहे. आमच्या कायद्यालाही येथे दोन उत्तरे आहेत. इंजिन बदलले तरी रीतसर नोंद केल्यास आर.सी. बुकाला ते चालते, चॅसिसवर कोरलेल्या क्रमांकाने गाडी तीच राहते. परंतु 'व्हिंटेज' या मानासाठी सारे मूळचेच लागते.

मनुष्याचे काय? आपल्या देहातील द्रव्य अन्नपाण्याबरोबर येते आणि जाते. सत्तरीच्या आजोबांच्या देहात त्यांच्या बाप्तिस्म्याच्या दिवशीचे फारसे काही उरलेले नसते, तरीही आजोबा तेच असतात. संत थॉमस अक्वायनस यांनी याचे उत्तर दिले की आत्मा हेच देहाचे रूपतत्त्व होय; १३११-१२ मधील व्हिएनच्या धर्मपरिषदेनेही तीच शिकवण अधिकाराने मांडली. आत्मा देहाच्या एखाद्या कोपऱ्यात बसलेला नसतो. तो साऱ्या देहाला एक करतो. म्हणून मनुष्याच्या बाबतीत 'कोणता भाग मुख्य' हे विचारणेच अपुरे ठरते.

मोटारीला आत्मा नाही. तिचे सुटे भाग कारखान्याने जुळविले, पण तिला 'आमची गाडी' करणारे एकत्व बाहेरून आले, ज्यांनी ती वापरली त्यांच्याकडून. तेव्हा आम्ही मुलांना बाजूस ठेवले आणि त्यांच्या आईस विचारले. ऐंशी ओलांडलेल्या त्या बाई जरा थांबून म्हणाल्या, "फादर, इंजिन कोनतं हाय ते मले नाई समजत. मांगचं दार तेवढं बदलू नका म्हना पोराइले."

मागचे दार! ते धड लागतही नव्हते. बाहेरून जरा उचलूनच उघडावे लागे. बाईंनी मग सांगितले, की गावात मोटारी मोजक्या होत्या तेव्हा अपरात्री कोणीही कडी वाजवी. अडलेली बाळंतीण असो, साप चावलेला सालदार असो, यजमान जात विचारीत नसत, पैसा घेत नसत. मागचे दार उघडीत. एका लेकराचा जन्म तर वाटेतच, त्या मागच्या आसनावर झाला.

आम्ही निरुत्तर झालो. शरीरातील जे अवयव दुबळे वाटतात तेच अधिक आवश्यक असतात, असे संत पौलाने करिंथकरांस कळविले होते. आम्ही ते वचन कितीदा समजावून सांगितले असेल. चांदूरच्या छपरीत ते आम्हांस एका गंजलेल्या दाराने समजाविले.

मराठीत 'भाग' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: अवयव आणि वाटा. गाडीचा कोणता भाग मोठा, असे ते दोन भाऊ विचारीत होते. त्यांच्या नकळत त्यात वडिलांमध्ये कोणाचा वाटा मोठा, हा प्रश्न दडलेला होता. इंजिन म्हणजे थोरल्याची सेवा, मूळ रूप म्हणजे धाकट्याची बालपणीची आठवण. आई ज्या भागाकडे बोट दाखवीत होती त्यावर दोघांचाही हक्क नव्हता. तो भाग परक्यांसाठी उघडत असे. वडिलांचा वारसा गाडीत कोठे असेल तर तो तेथे होता.

मूळ स्वरूप जपणे व्यर्थ, असे आम्ही म्हणत नाही. कारागिराच्या हातचे काम अखंड राखणे हीदेखील कृतज्ञताच. परंतु वस्तू जपता जपता जिच्यामुळे ती वस्तू मोलाची झाली ती कृतीच ताडपत्रीखाली गेली, तर आपण वारसा जपला की केवळ लोखंड? घरातील जुना क्रूस, आजीची जपमाळ, यांनाही हाच प्रश्न लागू आहे.

दोघा भावांचे पुरते मनोमीलन झाले, असे आम्ही लिहिणार नाही. वाटणीचा कागद अजून व्हावयाचा आहे. 'व्हीए'चा नाद मात्र धाकट्याने सोडला. नाताळच्या मिस्सेसाठी ते कुटुंब त्याच गाडीने अमरावतीला आले. थोरला चालवीत होता. धाकटा खाली उतरला, मागे गेला आणि दार जरासे उचलून त्याने आईसाठी उघडले.