शेवटचा हात

घरातली एखादी वस्तू बिघडली की पहिला प्रश्न 'काय झालं?' हा असायला हवा. पण आपल्याकडे तो तसा नसतो. पहिला प्रश्न असतो, 'शेवटचा हात कुणी लावला होता?' मिक्सर बंद पडला, शेवटचा हात सुनेचा. भिंतीवरचं घड्याळ थांबलं, शेवटची किल्ली आजोबांनी दिलेली. ज्या दाराच्या बिजागरीला चाळीस पावसाळे मन लावून गंजवत असतात, ते दार ज्याच्या हातात निखळतं तो बिचारा 'दार मोडणारा' म्हणून घराण्याच्या इतिहासात कायमचा नोंदला जातो. चाळीस पावसाळ्यांचं नाव कुणी काढत नाही. पावसाळ्यांवर खेकसता येत नाही ना!

आमच्या कराडात ही न्यायपद्धती कंदिलाच्या काळापासून चालत आलेली आहे. शेजारच्या ओगलेवाडीला १९१६ साली सुरू झालेला ओगल्यांचा काच कारखाना होता. तिथला 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रभर गेला. कारखाना बंद पडून जमाना झाला, पण कंदिलाच्या काळातला न्याय किती सोपा होता हे म्हातारी माणसं अजून सांगतात. काच एक, तडा एक, आणि त्या वेळी कंदील हातात असलेलं कार्टं एक. पाठीत धपाटा, खटला निकाली. साक्षीपुरावा नाही की पुढची तारीख नाही.

ट्रान्झिस्टर आला आणि न्यायदान अवघड झालं.

हे मी अनुभवावरून सांगतो आहे. मी एकतीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. या विषयाचा उपयोग काय, असं मुलं दरवर्षी विचारायची आणि दरवर्षी मी पुढच्या धड्याकडे वळायचो. निवृत्तीनंतर मात्र उपयोग कळला. गल्लीतल्या भांडणात पंच म्हणून बसवायला तर्कशास्त्राचा मास्तर बरा पडतो. तो कुणाच्याच बाजूनं बोलत नाही, आणि बोललाच तर कुणाला समजत नाही.

तर गेल्या गणपतीत आमच्या गल्लीतल्या ऑर्केस्ट्राची पाच पोरं माझ्या ओसरीवर येऊन उभी राहिली. मधे एक काळं रेक्झिन चढवलेलं खोकं. हा त्यांचा गिटारचा अँप्लिफायर, गल्लीच्या भाषेत 'अँपली'. पाच जणांनी वर्गणी काढून सेकंडहँड घेतलेला. आदल्या रात्री ऐन कार्यक्रमात त्यातून धूर निघाला होता.

"सर, ह्यानं आवाज वाढवला आन् धूर निघाला," की-बोर्डवाला म्हणाला. "आता खर्च ह्यानंच द्यायचा का न्हाई, तुमीच सांगा."

'ह्यानं' म्हणजे गिटारवाला. सकाळी झेरॉक्सच्या दुकानात काम करतो, संध्याकाळी गिटार. खर्च देईपर्यंत त्याची गिटार इतरांनी अडकवून ठेवली होती. अनंत चतुर्दशीला चार दिवस होते, आणि त्या दिवशीच्या सुपारीचा ॲडव्हान्स खाऊन झालेला होता. पोरगं खाली मान घालून एवढंच म्हणालं, "सहावर हुता, आठवर नेला. लोकंच वरडत हुती, गिटार ऐकू येत न्हाई म्हनून."

आता तर्कशास्त्र असं सांगतं की एका गोष्टीनंतर दुसरी झाली म्हणून पहिलीमुळे दुसरी झाली असं नव्हे. कोंबडा आरवल्यावर सूर्य उगवतो, म्हणून सूर्याचं बिल कोंबड्याला लावत नाहीत. हे मी त्यांना सांगितलं. त्यावर की-बोर्डवाला म्हणाला, "पन सर, कोंबड्याकडं नॉब नसतोय." वर्गात असे विद्यार्थी मिळाले असते तर माझी नोकरी मजेत गेली असती.

मी निकाल राखून ठेवला आणि सगळे मिळून मंडईमागच्या बोळातल्या मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्री हा माणूस रेडिओपासून या धंद्यात आहे. डोळ्यांवर चष्मा, चष्म्यावर भिंग आणि भिंगामागे अविश्वास. त्यांनी खोक्याला हात लावण्याआधी त्याचा वास घेतला. "ट्रान्स्फॉर्मर गेलाय," म्हणाले. मग मागचं झाकण उघडलं आणि पहिला प्रश्न विचारला. 'शेवटचा हात कुणी लावला?' असं विचारलं नाही त्यांनी. विचारलं, "ह्याच्या आधी ह्यो काय काय करत हुता?"

वैद्याचा प्रश्न आहे हा. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. हळूहळू एकेक बाहेर पडलं. मधूनच आपोआप घुर्र करायचा. मग? मग थाप मारायची. थाप मारली की गप्प बसायचा. थाप कोण मारायचं? या प्रश्नावर पाचही जण नम्रपणे गप्प बसले. थापेच्या बाबतीत ऑर्केस्ट्रात संपूर्ण समानता होती.

दुरुस्ती बघत बसण्यासारखं सुख दुसरं नाही. दुसऱ्याची वस्तू असेल तर फारच. मिस्त्रींकडे एक लाकडी बोर्ड आहे, त्यावर शंभर वॅटचा साधा बल्ब. आजारी यंत्राला वीज थेट द्यायची नाही, या बल्बातून पुढे पाठवायची. आत सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंदावतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो, आणि जी वीज यंत्राला आणखी जाळायची ती बिचारा बल्ब स्वतःत जिरवतो. जळका ट्रान्स्फॉर्मर बाजूला काढून त्यांनी फळीवरचा दुसरा जोडला आणि बटण दाबलं. बल्ब असा पेटला की बोळातलं कुत्रं उठून गेलं.

मग मीटर. मागच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पोलादी टोपीचे दोन ट्रान्झिस्टर स्क्रूनं बसवलेले. टूएन ३०५५, मिस्त्रींच्या तोंडी 'तीस-पंचावन'. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या आरसीए कंपनीनं बाजारात आणलेला हा ट्रान्झिस्टर. दणकटपणाबद्दल जगभर नाव. मीटरच्या टोका लावल्या तर दोन्ही आरपार शॉर्ट.

"बघा, ह्येच जळले. आवाज वाढवल्यावर जळनारच," की-बोर्डवाला.

"जळलं त्ये गुन्हेगार नसतंय," मिस्त्री भिंगातून वर न बघता म्हणाले. "जळलेला भाग म्हंजे मार खाल्लेला मानूस. मारनारा हितंच कुटंतरी थंड बसलेला असतोय."

तो थंड बसलेला सापडायला अर्धा तास लागला. या दोन पैलवानांच्या शेजारी त्याच पत्र्याला चिकटून एक दाण्याएवढा ट्रान्झिस्टर असतो. पैलवानांचा स्वभाव असा की तापले की जास्त करंट ओढतात, आणि जास्त ओढला की आणखी तापतात. आमच्या गल्लीतल्या भांडणांचं विज्ञान नेमकं हेच आहे. दाण्याचं काम पत्र्याची उष्णता ओळखून त्यांना आवरण्याचं. घरातल्या म्हातारीसारखं, "अरे, पुरे" म्हणण्याचं. त्या दाण्याच्या एका पायाभोवतीचं सोल्डर तडकलं होतं. मिस्त्रींनी मला भिंग दिलं. बांगडीसारखी गोल, केसाएवढी चीर. टेम्पोतून पाच वर्षं खड्डे खाऊन पडलेली. थापेनं ती क्षणभर जुळायची आणि पुढच्या वेळेसाठी थोडी आणखी रुंद व्हायची. त्या रात्री म्हातारीचा आवाज कायमचा बंद झाला आणि पैलवान बेफाम सुटले. नॉब सहावर असता तरी ते जळलेच असते. त्या रात्री नाही तर विसर्जनाला.

इथे मला कोयना आठवली. कराडकराला काही सुचेनासं झालं की कोयना आठवते, ती नदी म्हणून किंवा भूकंप म्हणून. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा तो भूकंप. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धरण भरायला लागून काही वर्षंच झाली होती. तेव्हापासून वाद: हे पाण्यानं केलं का? शेवटचा हात पाण्याचा होता यात आता शास्त्रज्ञांना फारशी शंका राहिलेली नाही. पण ते असंही सांगतात की खडकातला ताण पाण्यानं निर्माण केलेला नव्हता. तो आधीच साठत आलेला होता, पाण्यानं फक्त चाप ओढला. म्हणून ते आता 'पाण्यामुळे झालेला' म्हणण्याऐवजी 'पाण्यानं चाळवलेला' अशा अर्थाचा शब्द वापरतात. या चाप आणि ताणाच्या हिशेबासाठी आमच्या कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची एक संशोधन संस्था आहे, आणि पाटणकडे गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडून झालं आहे. तीन किलोमीटर! आणि आम्ही अँपलीचा निकाल नॉबचा आकडा बघून लावायला निघालो होतो.

गिटारवाल्याची मान थोडी वर आली. मी निकाल द्यायला घसा खाकरला, तेवढ्यात मिस्त्रींनी चिमट्यात काहीतरी धरून उजेडात आणलं. फ्यूज. काचेच्या नळीचा साधा फ्यूज, पण अंगावर चॉकलेटची चांदी घट्ट गुंडाळलेली.

"पैलवान मेले त्ये मेले. ट्रान्झिस्टर फ्यूजच्या आदीच मरतोय. पन ट्रान्स्फॉर्मर वाचला असता. ह्यो चांदीचा दागिना कुनाचा?"

आता गोष्ट अशी. गेल्याच्या गेल्या वर्षी गणपतीसमोर ऐन रंगात फ्यूज तीनदा उडाला होता. चौथा फ्यूज नव्हता. तेव्हा ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या पोरानं उडालेल्या फ्यूजला चांदी गुंडाळली आणि कार्यक्रम पार पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंडळानं त्याला स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ दिलं. मी तेव्हा पुण्याला मुलीकडे होतो, पण तो फोटो मंडळाच्या फळ्यावर वर्षभर होता.

"फ्यूज तीनदा सांगत हुता तुमास्नी," मिस्त्री म्हणाले. "तुमी त्येच्या तोंडाला चांदी लावली."

ऑक्टोपॅडवाला पांढरा पडला. मला त्याची दया आली, कारण हाच पेच मी पुस्तकात वाचलेला होता. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी 'नैतिक नशीब' या विषयावर जोडीनं निबंध लिहिले. नेगलचा एक माणूस आहे, ब्रेक तपासून न घेता गाडी हाकणारा. पोर आडवं आलं तर तो जन्मभर अपराधी. नाही आलं तर घरी जाऊन जेवून झोपतो. निष्काळजीपणा दोन्हीकडे तोच. पण नेगलच्या माणसाला निदान शाल-श्रीफळ तरी मिळालेलं नव्हतं. आमच्या पोराचं कृत्य तेच, चांदी तीच. एका वर्षी सत्कार, दुसऱ्या वर्षी आरोप. शाल परत मागायची तर सगळ्या गल्लीच्या टाळ्याही परत मागाव्या लागतील.

की-बोर्डवाला लगेच आरोपी बदलायला तयार झाला. "मंग ट्रान्स्फॉर्मरचं ह्यानं द्यायचं." त्यावर ज्याची गिटार जप्त होती तेच पोरगं पुढं झालं. "चॉकलेट माझं हुतं," म्हणालं. "मीच म्हनलं, गुंडाळ."

बोळात शांतता पसरली. तर्कशास्त्रात या प्रसंगासाठी सूत्र नाही. सुटलेला माणूस आपण होऊन परत पिंजऱ्यात येतो, अशी तरतूद मला तरी कुठल्या पुस्तकात आढळलेली नाही.

माझं मत मी तेव्हा सांगितलं ते असं, की दोष आणि खर्च ही दोन वेगळी खाती आहेत. आपण दोषी शोधतो ते सत्याच्या ओढीनं थोडं, आणि बिल कुणाच्या नावावर फाडायचं या घाईनं जास्त. कोयनेला घरं पडली तेव्हा चाप कुणाचा आणि ताण कुणाचा याचा निकाल लागेपर्यंत कुणी मदत थांबवून ठेवली नव्हती. खर्च पाचांत वाटा. दोषाचं खातं सवकाशीनं बघू. तीन किलोमीटर भोक पाडावं लागलं तरी चालेल. की-बोर्डवाला म्हणाला, "मंग सर, उद्या कुनी मुद्दाम फोडला तर?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, तेव्हाचं तेव्हा. मुद्दाम फोडणाऱ्याच्या शेजारी उभा राहून 'चॉकलेट माझं होतं' असं कुणी म्हणत नाही.

मिस्त्रींनी बिल मांडलं. दोन तीस-पंचावन १८०, बारीकसारीक ६०, ट्रान्स्फॉर्मर रिवाइंडिंग १४००, मजुरी ४००. एकूण २०४०. पाचांत भागले तर ४०८. ऑक्टोपॅडवाल्यानं गुपचूप पाचशेची नोट ठेवली, सुटे मागितले नाहीत, आणि ते सगळ्यांनी पाहूनही कुणी पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी अँपली तयार. बटण दाबताना बल्ब क्षणभर उजळला आणि शहाण्यासारखा मंदावला. गिटार मालकाकडे परत आली होती. त्यानं एक तार छेडली, आवाज स्वच्छ निघाला. मिस्त्रींनी झाकणाच्या आतल्या बाजूला चार नवे फ्यूज पट्टीनं चिकटवून दिले आणि हातात आलेल्या पैशांतले दोन हजार मोजून घेतले.

"उरल्यालं ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "पोरांनो, चॉकलेटं खावा. चांद्या तेवढ्या मला आनून द्या."