दुकान आणि बेडी

तंजावरास बदलून आलेल्या आम्हां नोकरदारांस कायद्याची एक विसंगती सहज दिसते. या राज्यात २००३ पासून दारूची किरकोळ विक्री सरकारी महामंडळाकडे आहे. दारुडा हा सरकारचे गिऱ्हाईक. गांजा ओढणारा मात्र १९८५ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हेगार: सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

याच कायद्याचे ६४-अ कलम स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसास खटल्यातून सूट देते. उपचार पुरे न केल्यास ती काढूनही घेता येते. येथेच आमचे मन अडखळते. पुनःपुन्हा घसरणे हा तर व्यसनाचा धर्मच आहे. ताप उलटला म्हणून रोग्याला कोणी बेडी घालतो काय?

मोकळीक दिल्यास व्यसन माजेल, ही भीती खोटी नव्हे. परंतु शिक्षा काढणे म्हणजे दुकान मांडणे नव्हे. पोर्तुगालने २००१ साली स्वतःपुरता अल्प साठा बाळगणे गुन्ह्यातून वगळले. विक्रीची शिक्षा तशीच ठेवली. सरफोजीराजांनी ज्या नगरीत धन्वंतरी महाल उभारून औषधे सिद्ध करविली, तेथे तरी हा विचार परका वाटू नये. तूर्त मात्र घरची माणसे मुलाला वैद्याकडे नेण्याआधी चौकशी करतात ती पोलिसांची.