श्रवण आणि कर्ता

नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे. वेदान्तानेही श्रवण, मनन आणि निदिध्यासन असा क्रम लावला. दोन्ही ठिकाणी श्रवण हा आरंभ आहे, शेवट नव्हे. श्राव्य पुस्तकांच्या रूपाने हे श्रवण आज पुन्हा घराघरांत आले आहे. कथा-कादंबऱ्यांच्या जोडीने इतिहास, महापूर, धरणफुटी, अणुभट्टीतील स्फोट यांची कारणमीमांसा करणारे ग्रंथही आवडीने ऐकले जातात. भाजी निवडता निवडता किंवा लोकलच्या प्रवासात माणसे परक्यांच्या विनाशाची कहाणी ऐकतात. अशा ऐकण्याला काही नैतिक मूल्य आहे काय, की सुरक्षित अंतरावरून केलेली ती केवळ करमणूक आहे?

हात कामात गुंतलेले असतात, एवढ्यावरून या श्रवणाला उथळ ठरविता येणार नाही. जात्यावरची ओवी हात थांबवून कोणी ऐकली नाही. प्रश्न श्रवणानंतर काय घडते, हा आहे.

चेन्नईतील वेस्ट मांबलम या वस्तीच्या उदाहरणाने हा प्रश्न स्पष्ट होईल. ही वस्ती मुळात श्रोत्यांची. तेथील अयोध्या मंडपमात पुराणकथांवरील उपन्यास ऐकण्याची रीत जुनी आहे. तमिळ प्रदेशातील हरिकथेवर तंजावरच्या मराठी कीर्तनाचा ठसा आहे, हे ध्यानात घेतले तर मराठी वाचकालाही ही श्रवणपरंपरा परकी वाटू नये. याच वस्तीत ‘लेक व्ह्यू रोड’ नावाचा रस्ता आहे. तेथून आज तळे दिसत नाही. नुंगंबाक्कमपासून सैदापेठेच्या दिशेने पसरलेले दीर्घ तळे १९२०च्या दशकापासून बुजविण्यात आले आणि त्यावर त्यागराय नगर वसविण्यात आले. कर्त्यावाचून हे वाक्य किती सहज पुरे होते!

२०१५च्या डिसेंबरच्या आरंभी अड्यार नदीला महापूर आला आणि वेस्ट मांबलमच्या घरांतही पाणी शिरले. चेंबरंबाक्कम जलाशयातून २९,००० क्युसेक पाणी सलग २१ तास सोडले गेले, आणि जलाशयात आणखी पाणी साठविण्यास वाव होता, असे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी नोंदविले. २०१८च्या जुलैमध्ये विधानसभेत मांडल्या गेलेल्या त्यांच्या अहवालाने या आपत्तीला मानवनिर्मित म्हटले. विसर्ग नियमानुसारच झाला, अशी शासनाची भूमिका होती. वाद आकड्यांचा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी व्याकरण आहे. ‘पाणी सोडण्यात आले’, ‘सूचना देण्यात आल्या’, ‘परवानगी देण्यात आली’ या शासकीय वाक्यांत क्रिया आहे, कर्म आहे. कर्ता मात्र नाही.

वाचणारा डोळा अशा वाक्यांवरून घसरत जातो. कानाला ते तितके साधत नाही. मनुष्याच्या आवाजात, त्याच्याच गतीने ‘सोडण्यात आले’ हे शब्द एकामागून एक येऊ लागले, की ऐकणारा विचारतोच : कोणी सोडले? लहान मूल गोष्ट ऐकताना हेच विचारते. हा श्राव्य पुस्तकाचा खरा लाभ होय.

परंतु येथेच धोकाही आहे. कर्ता शोधणाऱ्या कानाला लवकरात लवकर खलनायक हवा असतो, आणि पुराणकथेच्या श्रवणाने ती सवय पक्की केलेली असते. व्यवस्थेच्या अपयशात रावण सहसा सापडत नाही. १२ जुलै १९६१ रोजी फुटलेले पानशेत धरण पहिल्याच पावसाळ्यात, बांधकाम सर्वार्थाने पुरे झालेले नसताना, भरत गेले होते. तेथवर पोहोचण्यास अनेक टेबलांवरचे अनेक लहान होकार लागले असतील. अमेरिकेतील ‘चॅलेंजर’ अवकाशयान १९८६ साली सात अंतराळवीरांसह नष्ट झाले. त्यावरील १९९६च्या ग्रंथात डायान वॉन या समाजशास्त्रज्ञ विदुषीने दाखविले, की नियम झुगारणाऱ्यांपेक्षा, दोष पुन्हापुन्हा दिसूनही ‘एवढे चालते’ असे प्रामाणिकपणे मानणाऱ्यांच्या हातून तो निर्णय घडत गेला.

म्हणून योग्य श्रवण दोन मोहांतून वाट काढते. कर्ता नाहीच असे मानणे हा पहिला मोह. कर्ता एकच आहे असे मानणे हा दुसरा. पहिल्याने कोणीच उत्तरदायी राहत नाही. दुसऱ्याने एकाला सुळावर देऊन उरलेले सारे निर्दोष सुटतात, आणि त्या उरलेल्यांत श्रोताही असतो. त्याला कथेचा शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे न्यायाधीशाचे आसन त्याला आपोआप मिळते. ते आसन सोडणे म्हणजेच मनन. आपण कोणत्या कागदावर न वाचता सही केली, गटारावर चढविलेल्या कोणत्या ओट्याचा लाभ घेतला, वर्ग, कचेरी किंवा गृहसंस्थेच्या सभेत कोठे ‘एवढे चालते’ म्हणालो, हे प्रश्न त्या मननातून निघतात.

अर्थात सगळेच थोडेथोडे दोषी म्हणून दोषाची वाटणी समान, असेही नव्हे. जलाशयाचे दरवाजे ज्याच्या आदेशाने उघडतात त्याचे दायित्व आणि नदीकाठी भाड्याने राहणाऱ्याचे दायित्व एका तागडीत घालता येत नाही. अधिकार जितका मोठा, तितके उत्तर मोठे. मात्र ते उत्तर मागण्याचा हक्क श्रोत्याला तेव्हाच शोभतो, जेव्हा स्वतःच्या वाट्याचे वाक्य तो कर्त्यासह उच्चारू शकतो.