कपामागचा मालक

तिरुवनंतपुरमच्या तंपानूर भागात, बसस्थानक आणि रेल्वे स्थानकाच्या अगदी जवळ, लाल विटांची एक गोल इमारत आहे. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी ती इंडियन कॉफी हाउससाठी उभारली. आत वेगवेगळे मजले नाहीत. जमीनच गोलगोल फिरत वर चढत जाते. कडेने बांधीव बाक आणि टेबलं, भिंतीतल्या झरोक्यांतून येणारा वारा. पांढरा गणवेश आणि पंख्यासारख्या तुऱ्याचा फेटा घातलेला वाढपी हातात ट्रे घेऊन दिवसभर हा चढ चढतो आणि उतरतो. कॉफी, ऑम्लेट, कटलेट, मसाला डोसा. केरळमधल्या या कॉफी हाउसांत डोशाच्या भाजीत बीट घालतात, त्यामुळे ती लालभडक दिसते. बस पकडायच्या घाईतला साधा माणूसही इथे खिसा न चाचपता बसू शकतो.

हा वाढपी ज्या संस्थेत राबतो, ती कामगारांचीच सहकारी संस्था आहे. तिच्या सभासद कामगाराला कारभारी निवडताना मत असतं.

हे सहज घडलेलं नाही. १९३०च्या दशकातल्या मंदीत मळ्यांतल्या कॉफीला परदेशात गिऱ्हाईक मिळेना. देशातल्याच लोकांना कॉफीची गोडी लावावी म्हणून सरकारी कॉफी समितीने १९३६ साली पहिलं कॉफी हाउस उघडलं, ते आपल्या मुंबईत, चर्चगेटला. पुढे गावोगावी शाखा निघाल्या. १९५०च्या दशकाच्या मध्यावर, समितीच्या जागी आलेल्या कॉफी बोर्डाने त्या बंद करायला घेतल्या आणि कामगारांवर बेकारीची पाळी आली. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना संघटित केलं आणि ही दुकानं तुम्हीच चालवा, असा मार्ग दाखवला. १९५७ साली बंगळुरूत कामगारांची सहकारी संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी दिल्लीत, मग १९५८ साली त्रिशूरमध्ये कामगारांची कॉफी हाउसं सुरू झाली. कालपर्यंत ज्यांना घरी बसवायचं ठरलं होतं, ते आता गल्ल्यावर बसले. मला ही गोष्ट स्वतंत्र भारतातल्या मोठ्या घटनांपैकी एक वाटते.

आपल्या महाराष्ट्राला सहकार नवा नाही. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यापासून आपण त्याचा अभिमान बाळगत आलो आहोत आणि तो रास्तही आहे. पण साखर कारखान्याचा सभासद असतो तो ऊस पिकवणारा शेतकरी. दिवाळी आटोपताच बीडहून बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघणारा, पहाटेच्या थंडीत फडात कोयता चालवणारा ऊसतोड कामगार त्या सहकारात कुठेच बसत नाही. तो मुकादमाच्या उचलीवर येतो आणि हंगाम संपला की परत जातो. साखरेचा मोठा वाटा त्याच्याच हातांनी तोडलेल्या उसातून तयार होतो, तरी कारखान्याच्या सभेत त्याला खुर्ची नाही. कॉफी हाउसच्या वाढप्याने जे मिळवलं, ते आपल्या सहकाराने आपल्याच सर्वांत कष्टाळू माणसाला अजून दिलेलं नाही. हे मनाला लागायला हवं.

मालक कोण, यावर दुकान कुठे निघणार, कुठे टिकणार हेही पुष्कळ ठरतं. केरळमध्ये काही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात इंडियन कॉफी हाउस भेटतं. रात्रभर रुग्णाच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकाला सकाळी परवडेल असा गरम नाश्ता तिथे मिळतो. कोलकात्यातलं कॉलेज स्ट्रीटचं कॉफी हाउस विद्यार्थ्यांच्या आणि पुस्तकांच्या गर्दीत टिकून आहे.

कामगारांच्या या संस्थांचे दोषही सांगायला हवेत. केरळच्या या कॉफी हाउसांत कित्येक दशकं फक्त पुरुषच कामाला होते. समतेचं नाव घेणाऱ्या संस्थेला हे शोभणारं नव्हतं. दिल्लीसारख्या ठिकाणी भाड्याच्या थकबाकीने संस्था जेरीस आली. मालकी कामगाराची झाली म्हणून कारभार आपोआप चोख होत नाही.

दरम्यान नव्या साखळ्या आल्या. १९९६ साली बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डे निघालं, २०१२ साली मुंबईत हॉर्निमन सर्कलला स्टारबक्सचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं, चर्चगेटपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथली कॉफी चांगली असते, जागा स्वच्छ असते, तरुण मुलामुलींना रोजगार मिळतो. तिथे जाण्यात काही गैर आहे असं मी म्हणणार नाही. पण दुधाचे प्रकार, कपाचे आकार, सिरपच्या चवी हे सगळं आपण बारकाईने विचारतो. काउंटरमागे आठ-आठ तास उभ्या असलेल्या मुलीला बसायला स्टूल आहे का, हे मात्र आपण विचारत नाही. ग्राहक म्हणून आपली चौकशी चवीपाशी थांबते, आणि माझी तक्रार आहे ती एवढीच.

तेव्हा वाचकहो, केरळात किंवा कोलकात्याला गेलात तर एकदा तरी या कॉफी हाउसात जा. जेवणाच्या गर्दीत एका कपावर टेबल अडवून बसू नका, कारण त्या टेबलाच्या कमाईवर कामगाराचं घर चालतं. आणि आपल्या गावातल्या नेहमीच्या हॉटेलात वाढणाऱ्या माणसाला सुट्टी कधी मिळते, पगार वेळेवर होतो का, हे या आठवड्यात एकदा आपुलकीने विचारा.