तर्क आणि निर्णय : न सुटलेल्या खुनाचा शोध घेण्याचा अधिकार कोणाचा?

खुनाचा तपास करणे हे राज्यसंस्थेचे काम आणि दोषी ठरवणे हे न्यायालयाचे, अशी वाटणी आधुनिक समाजाने मान्य केली असली, तरी ज्या खुनांचा उलगडा होत नाही त्यांच्या बाबतीत ती फार काळ टिकत नाही. वर्तमानपत्रांची कात्रणे, शवविच्छेदनाचे अहवाल, घटनास्थळाची छायाचित्रे आणि साक्षीदारांचे उलटसुलट जबाब जमवून खुनी कोण हे आपल्या परीने ठरवू पाहणारा हौशी शोधक प्रत्येक समाजात असतो. त्याच्याकडे समन्स काढण्याचा अधिकार नसतो, मुद्देमाल त्याच्या हाती लागत नाही आणि त्याची चूक झाली तर त्याला जाब विचारणारेही कोणी नसते. अशा माणसाने निष्कर्षाला येणे धर्म्य आहे का, हा प्रश्न वरवर कायद्याचा वाटला तरी मुळात तो ज्ञानाचा आणि नीतीचा आहे. कारण एखाद्या जिवंत माणसाविषयी ‘याने खून केला’ असे मनाशी पक्के करणे हीही एक कृती आहे आणि तिचे परिणाम त्या माणसाला भोगावे लागतात.

भारतीय परंपरेत या प्रश्नाच्या ज्ञानविषयक बाजूचा सर्वांत बारकाईने विचार न्यायदर्शनाने केला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ, म्हणजे विचारात घ्यावयाचे सोळा विषय, सांगितले असून त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरे स्थान संशयाला दिले आहे. भाष्यकार वात्स्यायनाने त्याचे कारणही दिले आहे : जे मुळीच ठाऊक नाही तिथे न्याय, म्हणजे युक्तिवादाने केलेली परीक्षा, सुरू होत नाही आणि जे ठरून गेले आहे तिथे तिची गरज उरत नाही, संशयित विषय हेच तिचे क्षेत्र होय. याच यादीत पुढे तर्क आणि निर्णय हे दोन वेगळे पदार्थ येतात. ‘असे असते तर तसे झाले असते’ अशी कारणांच्या आधारे केलेली चाचपणी म्हणजे तर्क. तो प्रमाणांना साहाय्य करतो, परंतु नैयायिक त्याला स्वतंत्र प्रमाण मानत नाहीत. पक्ष आणि प्रतिपक्ष अशा दोन्ही बाजू मांडून झाल्यावर जी अर्थनिश्चिती होते तिला निर्णय म्हणतात. हौशी शोधक जे करतो ते पुष्कळदा उत्तम प्रतीचा तर्क असतो, आणि दोष घडतो तो त्या तर्कालाच निर्णय म्हणून जाहीर करण्यात.

हे अंतर किती खोल असू शकते, ते नागपूरच्या एका प्रकरणावरून दिसते. 13 ऑगस्ट 2004 रोजी दुपारी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात अक्कू यादव नावाच्या गुंडाला पोलीस बंदोबस्तात आणले असताना जमावाने त्याच्यावर हल्ला चढवून त्याला ठार मारले. कस्तुरबा नगर या प्रामुख्याने दलित असलेल्या वस्तीत त्याने वर्षानुवर्षे खून, बलात्कार आणि खंडणीचे सत्र चालवले होते आणि तक्रार करणाऱ्यांना पोलिसांकडून संरक्षणाऐवजी उपेक्षाच मिळाली, असा तेथील रहिवाशांचा आरोप होता. डोळ्यांत तिखट फेकले गेले, दगड मारले गेले, चाकूंनी सत्तरहून अधिक वार झाले, असे वृत्तान्त आले. काही स्त्रियांना अटक होताच वस्तीतल्या शेकडो स्त्रिया पुढे आल्या आणि ‘आम्ही सगळ्यांनीच मारले, सगळ्यांना पकडा’ असे म्हणू लागल्या. दहा वर्षांनी, 2014 साली, पुराव्याअभावी आरोपींची निर्दोष मुक्तता झाली. अशा रीतीने भर दिवसा, न्यायालयाच्याच छताखाली, जमावादेखत झालेला हा खून कायद्याच्या दृष्टीने आजही कोणाच्याही नावावर नाही.

या प्रकरणावर पुढे पुष्कळ लिहिले गेले, चित्रपट निघाले, 2022 साली माहितीपटांची मालिका आली आणि प्रत्येक वेळी प्रेक्षक-वाचकांनी आपापला निष्कर्ष काढला. हा उत्स्फूर्त उद्रेक होता असे काहींनी मानले, काहींना तो आधी ठरवून केलेला कट वाटला, तर मारणारे हात यादवशी वैर असलेल्या मोजक्या पुरुषांचे होते आणि स्त्रिया त्यांची ढाल झाल्या असाही तर्क मांडला गेला. या तर्कांचे घटक तपासून पाहणे उद्बोधक आहे. न्यायदर्शनात अनुमान ज्यावर उभे राहते त्या हेतू, म्हणजे आधारभूत खूण, आणि साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, यांच्या अव्यभिचारी साहचर्याला, म्हणजे एक असेल तिथे दुसरे असतेच या नियमाला, व्याप्ती म्हणतात, आणि तो नियम खरा भासण्यास कारणीभूत असलेल्या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे हे अनुमान फसते, कारण तिथे इंधन ओले असण्याची उपाधी आहे. आता तिखटाचा विचार करावा. तिखट वापरले म्हणून मारणाऱ्या स्त्रियाच होत्या, हे अनुमान स्वयंपाकघराशी स्त्रीचे नाते जोडणाऱ्या सवयीवर उभे आहे. त्यात व्याप्ती नाही, कारण तिखटाची पुडी कोणत्याही किराणा दुकानात कोणालाही मिळते आणि डोळ्यांत तिखट टाकून लुटणाऱ्या पुरुषांच्या बातम्या नागपूरकरांना नवीन नाहीत. ते सोबत आणले होते यावरून पूर्वतयारी सूचित होते खरी, परंतु ती मारण्याची होती की ज्याची दहशत वर्षानुवर्षे सोसली त्याच्यासमोर उभे राहताना स्वसंरक्षणाची होती, हे तिखट सांगू शकत नाही. जखमांच्या संख्येचीही तीच गत आहे : सत्तर वार म्हणजे पुष्कळ हात, असे मन लगेच म्हणते, परंतु संख्येवरून हातांचा हिशेब लागत नाही, आणि कातडीच्या ताणामुळे व घावाच्या कोनामुळे एकाच पात्याच्या जखमा वेगवेगळ्या लांबीच्या दिसू शकत असल्याने हत्यारे किती होती हे सांगतानाही शवविच्छेदन करणारा वैद्य सावध भाषा वापरतो. अशा हेतूला न्यायशास्त्र सव्यभिचार हेत्वाभास म्हणते, म्हणजे जो साध्य असतानाही आढळतो आणि नसतानाही आढळतो असा, हेतूसारखा भासणारा पण हेतू नसलेला आधार.

अशा आधारांवर बुद्धिमान माणसेही विश्वास ठेवतात याचे कारण अज्ञानापेक्षा आनंदात अधिक आहे, आणि हे निदान भारतीय न्यायव्यवस्थेत ज्या खटल्यामुळे रुजले तो योगायोगाने नागपूरचाच आहे. नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी असताना अबकारी आयुक्त असलेल्या हनुमंत गोविंद नरगुंदकर यांच्यावर शिवनी येथील सरकारी मद्यार्क कारखान्याच्या निविदेत कट आणि बनावट दस्तऐवज केल्याचा आरोप झाला. अभियोग पक्षाचा एक मुद्दा रहस्यकथेत शोभावा असा होता : नोव्हेंबर 1946 ची तारीख घातलेले पत्र ज्या टंकयंत्रावर लिहिले गेले ते यंत्र डिसेंबरअखेरपर्यंत नागपुरात आलेच नव्हते, म्हणून तारीख खोटी, म्हणून कट खरा. नागपूर उच्च न्यायालयातून हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1952 साली न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांनी आरोपींना निर्दोष सोडताना इंग्लंडमधील 1838 च्या हॉज खून खटल्यात बॅरन ऑल्डरसन यांनी ज्यूरीला दिलेल्या इशाऱ्याची आठवण करून दिली. त्या इशाऱ्याचा आशय असा की, परिस्थितीचे तुकडे एकमेकांत बसवण्यात मनाला सुख वाटते, त्यासाठी ते तुकडे किंचित ओढूनताणूनही घेते, आणि बुद्धी जितकी कल्पक तितकी गळालेली कडी स्वतःच पुरवण्याचा तिला होणारा मोह मोठा. सांख्य आणि वेदान्त ज्याला चित्ताची वृत्ती विषयाचा आकार घेते असे म्हणतात, त्याच्या उलट येथे घडते : विषयालाच वृत्तीचा आकार दिला जातो आणि जाणणाऱ्याला ते कळत नाही. ज्या पिढ्या बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढल्या, त्यांना शेवटच्या पानावर उत्तर मिळण्याची सवय जडली होती. प्रत्यक्षातील खुनाला तसे पान असतेच असे नाही.

1952 च्या या निकालाची दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. टंकयंत्राविषयी तज्ज्ञाचे मत पुराव्यात ग्राह्य नाही, असे त्यात म्हटले होते. तो भाग सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली दुसऱ्या प्रकरणात चुकीचा ठरवला. चव्वेचाळीस वर्षांनी ही दुरुस्ती शक्य झाली, कारण मूळ निर्णय कारणांसह लिहिलेला होता, त्याखाली नाव होते आणि त्याला आव्हान देण्याची जागा होती. कुजबुजीतून ठरलेल्या खुन्याला अशी जागा नसते. अभिनेता सुशांतसिंह राजपूत याच्या 14 जून 2020 रोजी मुंबईत झालेल्या मृत्यूनंतर देशभरातील असंख्य अनोळखी माणसांनी खोलीची छायाचित्रे, पंख्याची उंची, गळ्यावरची खूण यांचे विश्लेषण करून तो खूनच होता असे ठरवले आणि त्याच्या निकटच्या एका स्त्रीचे जगणे अशक्य केले. केंद्रीय अन्वेषण विभागाने मार्च 2025 मध्ये प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला, तेव्हा त्या विश्लेषकांपैकी कोणालाही आपली कारणे पुन्हा मांडावी लागली नाहीत. महाभारताच्या आदिपर्वातील माण्डव्य ऋषीची कथा याच ठिकाणी आठवते. चोरांनी त्याच्या आश्रमात माल लपवला, मौनव्रतामुळे तो राजपुरुषांना उत्तर देऊ शकला नाही आणि आश्रमात माल सापडला एवढ्यावरून त्याला सुळावर चढवले गेले. नारदस्मृतीने नेमके हेच उदाहरण घेऊन सांगितले की व्यवहारात, म्हणजे न्यायदानाच्या प्रक्रियेत, चोर नसलेलाही चोर ठरू शकतो. संशयिताच्या मौनाचा अर्थ लावण्याची हौस प्राचीन आहे आणि तिची किंमतही.

मग सामान्य माणसाने शोधच घेऊ नये काय? असे म्हणणे विदर्भाच्या इतिहासाशी प्रतारणा ठरेल. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा पहिल्या तपासातील उणिवा, शवविच्छेदनातील अपुरेपणा आणि जातीय वैराचा पैलू ठळकपणे पुढे आणला तो नागपूर-भंडाऱ्यातून गावात पोहोचलेल्या कार्यकर्त्यांनी आणि सत्यशोधन पथकांनी. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, 2008 साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले आणि 2010 साली नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षांचे रूपांतर पंचवीस वर्षांच्या कारावासात केले. हत्येमागे जातिद्वेष होता हे सत्यशोधकांचे प्रतिपादन न्यायालयांनी स्वीकारले नाही, आणि तो वाद अजून शमलेला नाही. पण तो वाद होऊ शकतो हेच लक्षणीय आहे. सत्यशोधन पथक लेखी अहवाल देते, कोण कोणाला भेटले ते नोंदवते आणि आपल्या म्हणण्याखाली सही करते. तत्त्वबोधासाठी, प्रमाणांच्या आधारे आणि दोन्ही बाजूंना ऐकून होणाऱ्या चर्चेला न्यायसूत्रे वाद म्हणतात, केवळ जिंकण्यासाठी होणारीला जल्प म्हणतात. सहीचा अहवाल वादाकडे झुकतो, निनावी आरोप जल्पापलीकडे जात नाही.

कस्तुरबा नगरच्या स्त्रियांचे ‘आम्ही सगळ्यांनी’ हे विधान मात्र अधिक अवघड आहे. शब्दप्रमाण, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारे ज्ञान, आप्तावर अवलंबून असते. ज्याने विषय साक्षात जाणला आहे आणि जसा जाणला तसाच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, मग तो ऋषी असो की म्लेच्छ, असे वात्स्यायन म्हणतो. या स्त्रियांपैकी काहींकडे पहिली अट निश्चित होती, पण दुसरी त्यांनी जाणूनबुजून बाजूला ठेवली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्या लाखो अनुयायांनी जे पंचशील ग्रहण केले, त्यातील चौथे शील असत्य भाषणापासून दूर राहण्याचे आहे. त्या शिलाचा येथे भंग झाला का? घटनेचे वर्णन म्हणून घेतले तर ते विधान बहुधा खोटे होते, कारण प्रत्येकीच्या हाताने वार झाला असणे संभवत नाही. उत्तरदायित्वाचा स्वीकार म्हणून घेतले तर ते पूर्ण खरे असू शकते. मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात बुद्धाने बोलण्याच्या कसोट्या सांगताना सत्यासोबत हितकारकता आणि योग्य वेळ यांचाही विचार केला आहे, आणि महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण कौशिकाची गोष्ट सांगतो : सत्याचे व्रत घेतलेल्या कौशिकाने पळून लपलेल्या माणसांची वाट दरोडेखोरांना खरी खरी दाखवली, ती माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. वस्तीबाहेरचा जिज्ञासू दरोडेखोर नाही, पण पहिला वार कोणाचा हे त्याला सांगून टाकावे असा त्याचा कोणताही हक्क या कथेतून निघत नाही.

तरीही यादव हा राज्याच्या ताब्यातील, बचावाला असमर्थ माणूस होता आणि त्याचा मृत्यू खूनच होता. त्याच्या दुष्कृत्यांमुळे तो खून चौकशीस अपात्र ठरत नाही, आणि ती चौकशी फसल्याचे दुःख प्रामाणिकपणे मानले पाहिजे. ज्यांच्याकडे अधिकार होता त्यांच्याकडून निर्णय झाला नाही. पण तेवढ्यामुळे तो ज्यांच्याकडे अधिकार नाही त्यांच्याकडे वारसाहक्काने येत नाही. त्यांच्याकडे येतो तो संशय, आणि तो कोणाच्या चेहऱ्यावर रोखण्यापेक्षा कागदांवर रोखणे शक्य आहे. कस्तुरबा नगरातून यादवविरुद्ध किती तक्रारी गेल्या आणि त्यांतल्या किती नोंदल्या गेल्या. तो किती वेळा जामिनावर सुटला आणि त्या जामिनाला सरकार पक्षाने कोणत्या शब्दांत विरोध केला. त्या दुपारी बंदोबस्तावर किती शिपाई होते आणि पंचनाम्यात त्यांची नावे कुठे आहेत. साक्षीदार कोणत्या टप्प्यावर फितूर झाले. प्रयोगशाळेकडे गेलेल्या मुद्देमालाची सीले शाबूत होती का. या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कोणत्या ना कोणत्या नोंदवहीत, केस डायरीत किंवा निकालपत्रात शोधता येते, आणि ते शोधताना वस्तीतल्या एकाही बाईच्या दाराशी जाण्याची गरज पडत नाही.